आईची मांडी आणि मोटारींतील आसन

राज्यें कशीं उदयास आलीं व कशीं लयास गेलीं हें सांगणाऱ्या ग्रंथांनीं आपलीं कपाटें भरलेलीं आहेत. परंतु घरांतल्या एखाद्या साध्या वस्तूचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे कित्येकदां असें आढळून येतें कीं, माणसांच्या समजुती कशा बदलतात याचा पुरावा तहनाम्यांपेक्षां त्या वस्तूंतच अधिक स्पष्टपणें उमटलेला आहे. मोटारींत लहान मुलास बसविण्यासाठीं जें वेगळें आसन असतें तें अशा वस्तूंपैकींच एक होय. आज युरोप-अमेरिकेंत प्रसूतिगृहांतून तान्हें मूल घरीं न्यावयाचें तर प्रथम त्या आसनाची चौकशी होते. आणि खाजगी मोटारींत मूल मांडीवर घेऊन बसणें हा तेथें बहुतेक ठिकाणीं कायद्यानें गुन्हा आहे. जिच्याहून अधिक निर्भय जागा जगांत नाहीं असें आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलों, ती आईची मांडीच धोक्याची ठरावी, ही गोष्ट एका दिवसांत घडली नाहीं. ती कशी घडली, एवढेंच येथें पहावयाचें आहे.

मुलांच्या वाहनाची कथा मोटारीच्या पुष्कळ आधीं सुरू होते. १७३३ सालीं विल्यम केंट या प्रसिद्ध इंग्रज वास्तुशिल्पकारानें डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनविली. ती ओढावयास बकरा किंवा लहानसें तट्टू जुंपावें अशी योजना होती. गाडी सुंदर होती, आणि ती सुंदर असावी हाच तिचा हेतु होता. तींतून मूल पडलें तर काय, हा प्रश्न तिच्या कर्त्यास सुचला असेलसें वाटत नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत गाडीस ढकलण्याची दांडी आली, व्हिक्टोरिया राणीनें अशा गाड्या घेतल्या, आणि राजवाड्याचें पाहून मध्यमवर्गानेंहि घेतल्या. १९६५ सालीं ओवेन मॅक्लारेन या विमानविद्येंतील इंजिनियरानें (स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यानें काम केलें होतें) अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली व आयांचे हात मोकळे केले. त्याच्या नांवानें चालणाऱ्या कंपनीस २००९ सालीं अमेरिकेंत सुमारें दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठीं आवरणें पुरवावीं लागलीं; कारण गाडी उघडतां-मिटतांना मुलांच्या बोटांचीं टोकें त्या बिजागऱ्यांत सांपडून तुटल्याचे प्रकार घडले होते. सोय मोठ्यांची आणि बोट मुलाचें, असा हा व्यवहार या इतिहासांत पुन्हां पुन्हां दृष्टीस पडतो.

मोटारींतील पहिल्या आसनांची हकीकतहि याहून निराळी नाहीं. १९३३ च्या सुमारास ‘बनी बेअर’ नांवाच्या अमेरिकन कंपनीनें मुलांसाठीं एक आसन बाजारांत आणलें. मुलास थोडें उंच बसवावें, म्हणजे त्यास खिडकींतून बाहेर पाहतां येईल आणि मुख्य म्हणजे पुढें बसलेल्या आईबापांस तें डोळ्यांसमोर राहील, इतकाच त्याचा उद्देश होता. त्यानंतरच्या वर्षांत लोखंडी सळ्यांच्या चौकटीवर कॅनव्हस ताणून केलेलीं आसनें आलीं. तीं मोटारीच्या बैठकीच्या पाठीवर दोन आंकड्यांनीं नुसतीं अडकवीत. कांहींच्या पुढें खेळण्यांतलें सुकाणूचें चाक बसविलेलें असे, म्हणजे वडील गाडी हांकीत असतां चिरंजीवहि हांकीत! मूल रांगूं नये, दाराची मूठ ओढूं नये, चालकाच्या कोपरास लोंबूं नये, यासाठीं हीं आसनें उत्तम होतीं. टक्कर झाल्यास मात्र आंकडे निसटून मूल आसनासकट पुढच्या कांचेवर जाई. जवळजवळ तीस वर्षें हीच स्थिति होती, आणि ती कोणास फारशी खुपलीहि नाहीं.

ती कां खुपली नाहीं हें समजण्यास थोडें पदार्थविज्ञान आणल्यावांचून गत्यंतर नाहीं. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार सेकंदास सुमारें १४ मीटर अंतर तोडीत असते. ती भिंतीवर आदळून एक-दशांश सेकंदांत थांबली असें धरूं. आंतील माणसाचा वेगहि तेवढ्याच वेळांत नाहींसा व्हावयाचा, तर त्याच्या वजनाच्या सुमारें १४ पट जोर त्यास मागें धरण्यास लागतो. दहा किलोंचें मूल त्या क्षणीं १४० किलोंच्या ओझ्यासारखें पुढें ओढ घेतें. तालमींतला पहिलवानहि तें हातांनीं धरून ठेवूं शकणार नाहीं. मग बाळंतिणीची काय कथा? आणि आईनें स्वतः पट्टा बांधलेला नसेल तर याहून भयंकर प्रकार होतो. साठ किलोंचा तिचा देह आठशें किलोंहून अधिक जोरानें पुढें जातो, आणि तिच्या व समोरच्या लोखंडाच्या मध्यें मूल असतें. माया तिळभरहि उणी नसते. परंतु मायेचा व जडत्वाचा हिशेब एका वहींत मांडतां येत नाहीं.

यांत भर म्हणजे मुलाचें शरीर हें मोठ्या माणसाच्या शरीराची लहान प्रत नव्हे. नवजात बालकाचें डोकें त्याच्या एकंदर लांबीच्या चतुर्थांश असतें. प्रौढाचें तें सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेंच भरतें. शिवाय मानेचे मणके अद्याप पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांच्यांत कूर्चेचा भाग पुष्कळ असतो. अशा मुलास पुढें तोंड करून पट्ट्यांनीं कितीहि घट्ट बांधलें, तरी धड जाग्यावर राहतें आणि तें जड डोकें एकट्या मानेवर झोंकें खातें. मोठ्यांसाठीं निल्स बोलिन यानें व्होल्वो कंपनींत १९५९ सालीं तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला. लाखों माणसें त्यानें वांचविलीं. पण तान्ह्या मुलांस त्याचा कांहींएक उपयोग नव्हता.

१९६२ हें साल या बाबतींत महत्त्वाचें आहे. त्या सुमारास अमेरिकेंत डेनव्हर येथील लिओनार्ड रिव्हकिन यानें व इंग्लंडांत जीन एम्स या बाईनें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, ‘आदळल्यावर काय होईल’ हा प्रश्न डोळ्यांपुढें ठेवून आसनें रचलीं. एम्सबाईंच्या आसनांत मुलाच्या दोन्ही खांद्यांवरून येऊन पायांच्या मध्यें बांधला जाणारा पट्टा होता, व आजचे पट्टे त्याचेच वंशज आहेत. परंतु खरा बुद्धीचा झेप घेणारा विचार स्वीडनमध्यें झाला. बर्टिल आल्डमन हे मूळचे वैद्यकाचे पदवीधर. पुढें ते गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठांत प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या जेमिनी योजनेंतील अंतराळवीर यान सुटतांना पाठीवर टेकून बसतात, म्हणजे प्रचंड जोर साऱ्या पाठीवर वांटला जातो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. मोटार समोरून आदळते तेव्हां मुलाची पाठ जर प्रवासाच्या दिशेकडे असेल, तर तेंच होईल. डोकें, मान व पाठ आसनाच्या कवचांत एकदम दाबलीं जातील. मान एकटी कांहींच सोसणार नाहीं. १९६४ सालीं व्होल्वोच्या मोटारींत अशा उलट्या आसनाची परीक्षा झाली, आणि १९७२ सालीं त्या कंपनीनें तें विक्रीस काढलें. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धांत तिनेंच थोड्या मोठ्या मुलांसाठीं उंच गादी आणली, म्हणजे मोठ्यांचा पट्टा मऊ पोटावर न येतां कमरेच्या हाडावर येतो. स्वीडनमध्यें आजहि चार वर्षांपर्यंतचीं मुलें पाठ पुढें करून बसविण्याची वहिवाट आहे. मुलास बाहेरचें दिसत नाहीं, त्याचे पाय आंखडतात, असे आक्षेप तेथेंहि घेतले गेले असतीलच. परंतु पाय आंखडल्यानें कोणी मरत नाहीं, हें त्या लोकांनीं लवकर ओळखलें.

अमेरिकेंत गाडें इतक्या सरळ वाटेनें गेलें नाहीं. १९६५ सालीं राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ या ग्रंथानें मोटारउद्योगाची झोंप उडविली, १९६६ सालीं वाहनसुरक्षेचा संघीय कायदा झाला, आणि १९६८ च्या सुमारास फोर्डचें ‘टॉट-गार्ड’ व जनरल मोटर्सचें ‘लव्ह सीट’ हीं बऱ्यापैकीं आसनें निघालीं. १९७१ सालीं मुलांच्या आसनांसंबंधीं सरकारी मानकहि जाहीर झालें. पण तें मानक कसें होतें पहा. आसन मोटारीच्या पट्ट्यानें बांधतां आलें पाहिजे, मूल आसनांत बांधतां आलें पाहिजे, आणि स्थिर ओढ दिली असतां तें तुटूं नये. टकरीची परीक्षा नाहींच! नाव पाण्यांत न घालतां ती तरते असें प्रमाणपत्र देण्यासारखाच हा प्रकार. आसन बाहुल्यासह गाड्यावर बसवून ताशीं ३० मैल वेगाच्या धक्क्यानें तपासलें पाहिजे, हा नियम १९८१ च्या जानेवारीपासून अमलांत आला. मधल्या दहा वर्षांत सरकारी मानकास उतरलेलीं म्हणून जीं आसनें विकलीं गेलीं, त्यांवर विश्वास ठेवणाऱ्या आईबापांस दोष कसा द्यावा?

आसनें चांगलीं झालीं तरी तीं वापरावयास लावणार कोण? या प्रश्नाचें उत्तर देणारा मनुष्य कोणी मोठा शास्त्रज्ञ किंवा कारखानदार नव्हता. टेनेसी राज्यांतील मर्फ्रीझबरो गांवचे बालरोगतज्ज्ञ व त्या परगण्याचे आरोग्याधिकारी डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनीं पत्नी पॅट यांच्यासह हा विषय हातीं धरला. देवीच्या व पोलिओच्या लसी आल्या, जंतूंशीं झगडावयाचीं साधनें आलीं. आणि जीं मुलें रोगांतून वांचलीं तीं मोटारींत मरूं लागलीं, तर वैद्यानें स्वस्थ कसें बसावें, असा त्यांचा विचार दिसतो. १९७६ सालीं त्यांचें विधेयक राज्याच्या विधिमंडळांत पडलें. १९७७ सालीं तें संमत झालें आणि १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालील मुलास मोटारींत आसनांत बसविलेंच पाहिजे, असा कायदा अमेरिकेंत प्रथमच एका राज्यांत सुरू झाला.

परंतु विधेयक संमत होतांना त्यांत एक अपवाद शिरला. मुलास मोठ्या माणसानें हातांत किंवा मांडीवर धरलें असेल तर आसनाची सक्ति नाहीं! आपल्या भाषेंत त्यास ‘कडेवरच्या मुलाचें कलम’ म्हणावें. या कलमामागील भावना समजण्यास कठीण नाहीं. ओली बाळंतीण घरीं परत चालली आहे, मूल भुकेनें टाहो फोडीत आहे, आणि सरकारी शिपाई तिला सांगतो कीं त्यास छातीपासून दूर ठेव. असें चित्र डोळ्यांपुढें आणलें म्हणजे कोणता लोकप्रतिनिधि त्याविरुद्ध हात वर करील? कायद्याचे विरोधक सरकारी ढवळाढवळीविषयीं पुष्कळ बोलले. परंतु ज्या युक्तिवादानें कायद्याचा कणा मोडला तो स्वातंत्र्याचा नव्हता, तो मातृप्रेमाचा होता. डॉ. सँडर्स या कलमास ‘बाळ चिरडणारें कलम’ म्हणत. शब्द कठोर आहेत, पण वर जो हिशेब आपण केला तो पाहतां ते अतिशयोक्तीचे नाहींत. वैद्यानें आपल्याच कायद्यांतील कलमास असें नांव ठेवावें आणि तरीहि कायदा टाकून न देतां तें कलम काढण्यासाठीं आणखी झगडावें, यांत मला त्या माणसाचा मोठेपणा दिसतो. १९८१ सालीं तें कलम रद्द झालें. ज्यांस आसन परवडत नाहीं अशांना तें उसनें देण्याच्या योजना ठिकठिकाणीं निघाल्या, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासहि राज्यांत या जातीचे कायदे झाले. मूल आईच्या हातून काढून घेतलें तें शेवटीं आईनेंच मान्य केलें, हें विसरतां कामा नये. शिपायाच्या भीतीनें एवढी मोठी संवय बदलत नसते.

यानंतरचा इतिहास सुधारणांचा आहे, तसाच एक संकट निवारतांना दुसरें ओढवून घेण्याचाहि आहे. नव्वदीच्या दशकांत मोटारींतून पुढच्या बाजूस एअरबॅग आल्या. त्या मोठ्यांचे प्राण वांचवीत. पण पुढच्या बैठकीवर पाठ पुढें करून ठेवलेल्या तान्ह्या मुलाच्या आसनावर ती पिशवी स्फोटासारखी आदळे, आणि साध्या टकरींत जें मूल वांचलें असतें तें तिच्या तडाख्यानें दगावे. तेव्हां मुलांस मागच्या बैठकीवर नेण्याचा उपदेश सुरू झाला. तो योग्यच होता. परंतु मागें, पाठमोरें, गाढ झोंपलेलें मूल चालकाच्या दृष्टीआड गेलें, आणि उन्हांत बंद मोटारींत मूल विसरून राहिल्यानें घडलेल्या मृत्यूंशीं या बदलाचा संबंध अभ्यासकांनीं जोडला आहे. १९३३ चें तें भाबडें आसन मुलास निदान नजरेसमोर ठेवीत होतें!

आसन मोटारीस पट्ट्यानें घट्ट बांधणें हें काम दिसतें तितकें सोपें नसतें. अमेरिकेंतील पाहण्यांत जवळजवळ निम्मीं आसनें कोणत्या ना कोणत्या चुकीनें बसविलेलीं आढळलीं. म्हणून आसन मोटारीच्या सांगाड्यांतील लोखंडी कड्यांतच अडकवावें ही ‘आयसोफिक्स’ पद्धति निघाली व १९९९ सालीं तिचें आंतरराष्ट्रीय मानक झालें. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याच्या अंदाजाप्रमाणें आसनामुळें मोटारींतील एक वर्षाखालील मुलांचा मृत्यूचा धोका शेंकडा ७१ नें व एक ते चार वर्षांच्या मुलांचा शेंकडा ५४ नें घटतो. यावर वाद झालाच नाहीं असें नव्हे. स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञानें २००५ सालीं असें प्रतिपादिलें कीं, दोन वर्षांवरील मुलांच्या बाबतींत मृत्यु टाळण्याच्या कामीं आसन साध्या पट्ट्याहून फारसें सरस ठरत नाहीं. दुसऱ्या संशोधकांनीं त्याच प्रकारची माहिती निराळ्या रीतीनें तपासून आसनाच्या बाजूनें कौल दिला. माझ्या मतें लेव्हिटच्या आक्षेपाचा खरा उपयोग एवढाच कीं, मोठ्या मुलांना बांधावयाचें कशानें हा वाद असूं शकतो, बांधावयाचें कीं नाहीं हा असूं शकत नाहीं. तान्ह्यांविषयीं तर त्यालाहि शंका नव्हती.

मोटारीबाहेरच्या बालसाहित्याची कथा थोडक्यांत सांगतां येईल. एक बाजू खालीं सरकणारे लांकडी पलंग अमेरिकेंत पिढ्यान्‌पिढ्या वापरांत होते; आईस फार वांकावें लागूं नये हा त्यांतला हेतु. सरकती बाजू निखळून झालेल्या फटींत गुदमरून दहा वर्षांत तीसहून अधिक अर्भकें मेल्यावर २०११ सालीं त्यांच्या विक्रीस बंदी झाली. मूल आंत बसवून चाकांवर फिरूं द्यावयाचा जो गोल चालक मिळतो, त्याच्यावर कॅनडानें २००४ सालीं संपूर्ण बंदी घातली, जुना विकण्यासहि. कारण त्यांतून मूल क्षणांत जिन्यापर्यंत पोंचतें. आपल्याकडचा लांकडी पांगुळगाडा याहून वेगळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभें राहून ढकलतें, त्यांत बसत नाहीं, आणि त्याचा वेग मुलाच्या पावलांहून अधिक असूं शकत नाहीं. जुन्या सुतारानें हा विचार करून केला असेल असें नव्हे. पण वस्तु बरी साधली.

आतां आपल्याकडे. ‘कडेवरच्या मुलाचें कलम’ आपल्या कायद्यांत नाहीं. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनें १४ वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा योग्य आसनांत बांधलेलें नसल्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. दुचाकीवर चार वर्षांखालील मुलास चालकाशीं बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलास शिरस्त्राण हवें, व गाडीचा वेग ताशीं ४० किलोमीटरांवर जातां कामा नये, असा नियम २०२२ सालीं होऊन २०२३ मध्यें लागू झाला. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या मोटारींची जी टक्कर-परीक्षा सुरू झाली तींत लहान मुलांच्या बाहुल्यांनाहि जागा आहे. कायद्यांत नसलेलें तें कलम मात्र आपल्या मनांत आहे. पुण्याच्या रस्त्यांवर बाप, पुढें फळीवर उभें असलेलें मूल आणि मागें पदराखालीं तान्हें घेतलेली आई, असें कुटुंब एका दुचाकीवर चाललेलें रोज दिसतें. आणि ज्या घरांत मोटार आली तेथेंहि बाळाची जागा बहुधा आजीची मांडीच असते. आजीस दुखवून आसन कोण आणणार? टेनेसीच्या विधिमंडळासमोर जो प्रश्न होता तोच आपल्या ओसरीवर बसला आहे, आणि तेथें मतदान होत नाहीं.

जे आसन घेऊं इच्छितात त्यांनीं आपली एक जुनी वहिवाट येथें लागू करूं नये. एका पाळण्यांत तीन पिढ्या वाढल्याचें आपण कौतुकानें सांगतों, बाळाचें पहिलें अंगडें दुसऱ्याच्या घरून मागून आणतों; तें सर्व योग्य आहे. पण मोटारींतील आसन शिसवीचें नसतें. तें प्लास्टिकचें असतें, उन्हानें ठिसूळ होतें, आणि एकदां टकरींत सांपडलें म्हणजे बाहेरून धड दिसूनहि आंतून निकामी झालेलें असूं शकतें. म्हणून त्याच्या तळाशीं बहुधा मुदतीची तारीख छापलेली असते. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाहीं तें घेऊं नये. घेण्यापूर्वीं तें आपल्याच मोटारींत बसवून पहावें. बसविल्यावर पट्टा जेथून जातो तेथें धरून हालविलें असतां बोटभराहून अधिक हलतां कामा नये. मूल पाठमोरें असेल तर खांद्यावरचे पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित् खालून यावेत, पुढें तोंड केलें असेल तर पातळीवरून किंवा किंचित् वरून. खांद्याजवळ पट्टा चिमटींत धरून त्याची घडी घालतां येत असेल तर तो सैल आहे. थंडीच्या दिवसांत जाड कोट घातलेल्या मुलास पट्टे घट्ट बसल्यासारखे दिसतात. धक्का बसला म्हणजे कापूस दबतो व तेवढें अंतर मोकळें पडतें. यासाठीं पट्टे अंगालगत बांधावे आणि शाल वरून पांघरावी.